दोन फेऱ्यांमधली झोप

घोड्यांच्या स्पर्धेला लोक येतात ते घोडा उडी मारताना बघायला. आता उडी म्हणजे केवढीशी गोष्ट! शेजारच्याला शिंक आली आणि आपण मान वळवली, की हुकली. बाकीचा सगळा दिवस घोडा नुसता उभा असतो, चालत असतो, घोट घोट पाणी पीत असतो, शेपटीने माश्या हाकलत असतो, आणि त्या दिवसाला प्रेक्षक नसतो. प्रमोदिनीला मात्र तोच दिवस आवडायचा. उडीच्या वेळी ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, कारण घोड्यावर तिची पोरगी असायची.

पोरगी म्हणजे गंधाली. सव्विशीची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणारी, आणि सुटी मिळाली की मामाच्या घोडीवर बसून आडव्या दांड्यांवरून उड्या मारणारी. मामा म्हणजे प्रमोदिनीचा धाकटा भाऊ दिवाकर. नव्या रायपूरच्या वाटेवर, धानाच्या शेतांना लागून त्याची लहानशी पागा होती आणि शहरातली मुलं तिथे घोड्यावर बसायला शिकायची. आणि घोडी म्हणजे रेवा. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, मागचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा. स्वभावाने इतकी शहाणी की पाठीवर पहिलीतलं पोर असलं तर आपणहून पाऊल लहान टाकायची.

स्पर्धेच्या दोन फेऱ्या असत. सकाळच्या फेरीत ज्यांनी एकही दांडी पाडली नाही, ते घोडे दुपारी पुन्हा उतरत, आणि या वेळी सगळ्यात कमी वेळात जो पार होईल त्याचा पहिला नंबर. मधल्या वेळात घोड्याला निवू द्यायचं, चालवायचं, पाणी पाजायचं, पाय गार करायचे, हे काम प्रमोदिनीकडे आलं होतं. कोणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. गेल्या वर्षी तिचे यजमान यशवंतराव गेले, आणि चौबे कॉलनीतल्या त्या घरात बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा घोडीमागे फिरणं तिला बरं वाटलं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आता बादल्या उचलते, असं ती स्वतःच लोकांना हसून सांगायची.

आजची दुसरी फेरी मात्र नेहमीसारखी नव्हती. श्रावणापासून रेवाचं काहीतरी बिनसलं होतं. रोज सकाळी तिच्या पुढच्या गुडघ्यांवर नवं खरचटलेलं दिसायचं. दोनदा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, की बांधलेली घोडी उभ्या उभ्या पुढून एकदम खचली आणि धडपडून सावरली. डॉक्टर आले, रक्त तपासलं, छाती तपासली, खूर ठोकून पाहिले. सगळं ठीक, म्हणाले, नसांचं काही असेल तर सांगता येत नाही. तेवढं एक वाक्य पुरलं. मुलांचे आईबाप एकमेकांच्या कानात बोलू लागले, आणि रेवाच्या पाठीवर आपलं लेकरू बसवायला कोणी तयार होईना. पळताना ती कधीच चुकत नाही, जे होतं ते उभी असतानाच होतं, असं गंधाली पोटतिडकीने सांगायची. पण घाबरलेल्या आईबापांना कोण समजावणार?

सकाळी रेवाला टेम्पोत चढवताना दिवाकरने बहिणीकडे न बघताच सांगून टाकलं, "ताई, आज नंबर आणला तर ठेवतो तिले. लोकांची तोंडं तरी बंद होतीन. नाही तर हिरालालले हो म्हटलं आहे मी. सोमवारी घेऊन जाईन तो."

हिरालालच्या वरातीच्या घोड्या गोल बाजारामागे असत. माणूस वाईट नव्हता, घोड्यांना पोटभर घालायचा. पण लग्नसराई आली की त्याच्या घोड्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बँडच्या पुढे, फटाक्यांच्या धुरात, झगमगत्या झुली पांघरून उभ्या. प्रमोदिनीने त्या घोड्यांचे डोळे पाहिले होते. त्या डोळ्यांत रेवाचे डोळे तिला दिसले. गंधाली वाटभर अंगठ्याचं नख कुरतडत बसली.

तर अशी सकाळ. दसरा उलटून गेलेला, आकाश धुतल्यासारखं, आणि आज कोजागिरी. मैदानाच्या कडेने धान पिवळं पडायला लागलं होतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की त्याचा गोड, दुधाळ वास घोड्यांच्या वासात मिसळायचा. पहिल्या फेरीत रेवा अशी गेली की प्रमोदिनीने मिटलेले डोळे उघडले तेव्हा टाळ्याच ऐकू आल्या. एकही दांडी हलली नव्हती.

गंधाली उतरली, घामाने निथळत. तिने घोडीच्या मानेला मिठी मारली आणि लगाम आईच्या हातात दिला. "आई, अब ये तुम्हारी. लहान मुलांचे राउंड आहेत ना मधे, मुझे बार लगाने जाना है. तू बघशील ना हिला?"

"मी नाही तर कोण बघंन?" प्रमोदिनी म्हणाली. "जा तू. पाणी पी आधी."

आणि मग तो दिवस सुरू झाला, ज्याला प्रेक्षक नसतो.

तिने खोगिराचा पोटाखालचा तंग सैल केला, खोगीर उतरवलं. खोगिराखालून वाफ निघाली आणि रेवाने सुटकेचा लांब श्वास सोडला. प्रमोदिनीने ओल्या फडक्याने तिची मान, छाती, काखा पुसल्या. घोडी तापलेली असताना पोटभर पाणी द्यायचं नसतं, म्हणून बादली तोंडाशी धरायची, दोन-चार घोट झाले की बाजूला घ्यायची, थोडं चालवून पुन्हा धरायची. रेवाला हे माहीत होतं. बादली बाजूला झाली की ती ओठांनी प्रमोदिनीचा पदर ओला करून ठेवायची, जणू पावती.

मग दोघी चालायला निघाल्या. मैदानाच्या मागे एक तलाव होता, त्याच्या पाळीवर कुसुमची जुनी झाडं. लाउडस्पीकरचा आवाज तिथे येईपर्यंत मऊ होऊन जायचा. कमळाच्या पानांवर बगळा एका पायावर उभा होता. पलीकडच्या घाटावर कोणी बाई कपडे आपटत होती, आणि आपटलेलं आधी दिसायचं, आवाज मागून यायचा. घोडीची पावलं आणि आपली पावलं कधी जुळली ते प्रमोदिनीला कळलंच नाही. दोरी हातात सैल लोंबत होती. कोण कोणाला चालवत होतं, देव जाणे.

असं चालताना तिला नेहमी यशवंतराव आठवायचे. ते रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात रात्री जागून जागून झोप त्यांच्याशी कायमची फटकून वागू लागली होती. घरी असले तरी समोरच्या खोलीत बसायचे, रेडिओ अगदी बारीक, आणि हातात पेपर. आतल्या खोलीत प्रमोदिनीला पान उलटल्याची खसखस ऐकू यायची. त्या खसखशीवर तिने संसारभर झोप काढली. सुरुवातीला ती चिडायची, काय हा पेपर, एकदा वाचून होत नाही का माणसाचा! आता घरात कोणी पान उलटत नव्हतं. गंधाली पलीकडच्या खोलीत दगडासारखी झोपायची, आणि प्रमोदिनी अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायची. तिची झोप गेली ती गेलीच. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. या वयात झोप कमीच होते म्हणून लोक गोळ्यांची नावं सांगतात, ती तिला नको होती.

तलावाच्या कोपऱ्यावर सावली दाट होती. तिथे रेवा थांबली. प्रमोदिनीही थांबली. वारा पडला होता. घोडीचा खालचा ओठ सैल झाला, कान बाजूंना कलले, डोळ्यांवर पापण्या उतरल्या. मान हळूहळू खाली, आणखी खाली. आणि एकदम पुढचे गुडघे दुमडले. क्षणभर वाटलं, कोसळलीच. गुडघे मातीला घासले, आणि रेवा दचकून, नाक फेंदारून, डोळे मोठ्ठे करून पुन्हा उभी राहिली. इकडेतिकडे बघू लागली. आपल्याला कोणी पाहिलं तर नाही ना, असंच तिच्या तोंडावर होतं.

प्रमोदिनी घाबरली. पण भीतीपेक्षाही दुसरंच काहीतरी होतं. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. गेल्याच आठवड्यात, गॅसवर दूध ठेवून उभी असताना तिचा डोळा लागला होता, गुडघ्यातला जीव गेला होता आणि कपाळ मसाल्याच्या फळीवर आपटलं होतं. दचकून तिनेही असंच इकडेतिकडे बघितलं होतं, कोणी पाहिलं तर नाही ना. गंधालीला तिने सांगितलं होतं की कपाटाचं दार लागलं.

"बाई गं," ती घोडीला म्हणाली, "तुले झोप येऊन राहिली. तू झोपतच नाहीस का?"

आणि मग तिला सगळं एकदम दिसलं, कारण ते तिच्याच घरात घडून गेलेलं होतं.

यशवंतराव गेले तेव्हा त्यांच्या जागी तेलाचा दिवा लावला होता. लावतातच. तो दिवा विझू द्यायचा नसतो, म्हणून त्याच्याजवळ कोणी ना कोणी बसलेलं असायचं. ब्राह्मणपाऱ्याहून तिच्या नणंदा आळीपाळीने आल्या, अंजनाबाई तर भिंतीला टेकून हलक्या आवाजात घरादाराच्या गप्पा मारत वात सारत बसायच्या. आणि त्या दिवसांत, सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट, प्रमोदिनी गाढ झोपली होती. नवरा गेलेला आणि बाई घोरते आहे! तिला स्वतःचाच राग आला होता. तेरावा झाला, दिवा उचलला, बाया आपापल्या घरी गेल्या, आणि त्याच रात्रीपासून झोप तिला सोडून गेली.

रेवाशेजारच्या ठाणावर बादल असायचा. म्हातारा, पांढरा घोडा, रेवा शिंगरू असल्यापासून तिच्या सोबतीला. श्रावणात तो गेला. दिवाकरने त्याला लहानपणापासून वाढवलेलं, तो पोरासारखा रडला. आणि घरातल्या माणसासाठी करतात तसं करायचं म्हणून बादलच्या रिकाम्या ठाणावर त्याने तेरा दिवस दिवा ठेवला. पण पागेत गवत, कडबा, आगीची भीती. म्हणून तेलाचा दिवा नको, बल्ब लावला. तेरा दिवस झाले तरी तो बंद करायला दिवाकरचा हात धजावला नाही. बल्ब अजून जळत होता.

तेलाच्या दिव्याला माणूस लागतो. बल्बला कोणीच लागत नाही. दिवाकरने बादलसाठी दिवा ठेवला आणि रेवाजवळ कोणाला बसवलं नाही. श्रावणापासून ती बिचारी त्या उजेडात रिकाम्या ठाणाकडे बघत एकटी उभी होती, आणि उभ्या उभ्या पडत होती. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपायला त्याला आडवंच व्हावं लागतं, आणि आडवं व्हायचं तर कोणीतरी जागं हवं ना!

प्रमोदिनीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते घोडीच्या मानेला पुसलं, पदर आधीच ओला होता.

तिने रेवाला परत आणलं. स्पर्धेसाठी बांबू आणि कापडी कनातीची ठाणं केली होती, त्यातलं अगदी कडेचं त्यांचं. आत जाड पेंढा होता. घोडीच्या पायांवर गार पाणी सोडून झालं, गवत टाकून झालं. एरवी प्रमोदिनी इथे खुर्ची घेऊन बाहेर बसायची. आज ती आत गेली, दाराकडे तोंड करून, घोडीकडे पाठ करून उभी राहिली. तिला तसं कोणी शिकवलं नव्हतं. राखण करणारा बाहेर बघतो, आत नाही, एवढंच तिला वाटलं.

"मी आहे," ती म्हणाली. "मले तशीही झोप येत नाही. तू हो आडवी."

आणि ती तोंडातल्या तोंडात गुणगुणत राहिली. गाणं कसलं, लहानपणी भुलाबाईपुढे म्हणायच्या गाण्यांची चाल तेवढी उरली होती, शब्द गळून गेले होते. मागे पेंढा वाजला. घोडी गोल फिरली. थांबली. नाकाने हुंगलं. पुन्हा फिरली. प्रमोदिनीने वळून पाहिलं नाही. मग एक जड, धपकन आवाज, आणि त्यामागून इतका मोठा सुस्कारा, की जणू त्या जनावराने श्रावणापासूनचा श्वास आता सोडला. प्रमोदिनीने हळूच मान वळवली. रेवा आडवी झाली होती. आधी पाय पोटाशी घेऊन, मग हळूहळू कुशीवर, मान लांब पसरून, गाल पेंढ्यावर टेकवून. बघता बघता ती झोपली.

किती वेळ गेला कोण जाणे. कनातीतून ऊन गाळून येत होतं आणि घोडीच्या पोटावर हलत होतं. बाहेर कोणी छत्तीसगढीत घोड्याला लाडाने शिव्या घालत होतं. लहान मुलांच्या फेऱ्या चालल्या होत्या, टाळ्या दूर कुठेतरी पडत होत्या. प्रमोदिनी उभी होती, आणि तिला वाटलं की हे सगळं मैदान, ही माणसं, झेंडे, तो तलाव, हे घोडीलाच पडलेलं स्वप्न आहे, आणि घोडी जागी झाली की आपण सगळे विरघळून जाऊ. तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग लाउडस्पीकर खाकरला. "दूसरे राउंड के घुड़सवार तैयार हो जाएं."

प्रमोदिनीचं स्वप्न खाडकन तुटलं. खोगीर चढवायचं होतं. तंग आवळायचा होता. घोडीला थोडं चालवून तिचं अंग मोकळं करायचं होतं. आज नंबर आला तर रेवा राहणार होती, नाही तर सोमवारी हिरालाल. तिने मोहरकी, घोडीच्या तोंडाला बांधायची दोरी, उचलली. वाकली. नुसतं "ऊठ गं" म्हटलं असतं तरी घोडी उठली असती, इतकी ती शहाणी होती. तिचा हात घोडीच्या कानाजवळ गेला आणि तिथेच थांबला.

कोणाच्या झोपेला हात लावायचा? ज्या झोपेसाठी आपण स्वतः वर्षभर तडफडलो, तिला? पण नाही उठवलं तर ही बँडच्या पुढे जाईल, मग कसली झोप आणि कसलं काय! दोन्हीकडून घोडीचंच नुकसान होतं, आणि उठवलं तर गंधालीच्या जिवाचाही प्रश्न होता. झोपेच्या ग्लानीतली घोडी दांडीपुढे खचली तर? नाही खचली तर? डोकं चालेना. हात मात्र खाली उतरला नाही.

गंधाली धावत आली, डोक्यावर हेल्मेट, हातात चाबूक. "आई, खोगीर? क्या कर रही हो, सब लोग वॉर्म-अप..." आणि तिने आत पाहिलं. "आई! ही पडली?"

"हळू बोल. झोपली आहे."

"झोपली? अभी?" गंधालीचा आवाज चढला आणि आईच्या ओठांवरच्या बोटाकडे बघून पुन्हा उतरला. मग मायलेकी कुजबुजत भांडल्या. असं भांडण फार अवघड असतं, अर्धा राग ओठातच राहतो. गंधाली म्हणाली की तू तिला उठवलं का नाहीस, तुला माहीत आहे ना आज काय आहे, मामाचं बोलणं ऐकलंस ना. प्रमोदिनीने तिला तलावाच्या कोपऱ्यावर काय झालं ते सांगितलं, दिवा सांगितला, बल्ब सांगितला. आणि शेवटी कपाटाच्या दाराची गोष्टही खरी खरी सांगून टाकली.

गंधाली आईच्या कपाळाकडे बघत राहिली. "वर्षभर झोपली नाहीस? आणि मी बाजूच्या खोलीत?"

"तुझा काय दोष? तू झोपतेस ते बरंच आहे," प्रमोदिनी म्हणाली. "आता हे बघ. घोडीवर तुले बसायचं आहे, मले नाही. उठवायची असंन तर तू उठव. मी रागावणार नाही. माझ्याच्याने ते होत नाही, बस."

गंधालीने मोहरकी घेतली आणि पेंढ्यात गुडघे टेकले. तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला. तेवढ्यात रेवाचे पाय हलू लागले. पुढचे दोन आधी, छातीशी ओढल्यासारखे, मग मागचे, झटक्यात. नाकपुड्या फुगल्या. पापणीखाली डोळा फिरत होता.

"आई," गंधाली अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "ये जंप कर रही है."

"हो. तिची दुसरी फेरी चालू आहे."

लाउडस्पीकरने गंधालीचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. गंधालीने हेल्मेटचा पट्टा सोडला. हेल्मेट पेंढ्यावर ठेवून ती घोडीच्या पाठीला पाठ टेकून बसली आणि तिचे डोळे भरून आले. नंबर गेला म्हणून आले, की आणखी कशाने, ते तिचं तिलाच ठाऊक. तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं नाही.

नाव पुकारलं गेलं नाही, पण दिवाकर आला. तो लांबूनच ओरडत येत होता, "अरे काहून नाही आल्या? ताई! गंधे! तिकडे नाव कापलं ना आपलं!" ठाणाच्या दारात येऊन त्याने आत पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

श्रावणापासून त्याने रेवाला आडवं पाहिलं नव्हतं. आडवी पडलेली घोडी त्याने शेवटची पाहिली होती ती कधी, हे त्याला आठवेना. आणि आठवेना हेच त्याला लागलं. प्रमोदिनीने त्याला सगळं सांगितलं, अगदी थोडक्यात, एकही शब्द टोचेल असा न वापरता. तो कनातीच्या बांबूला धरून ऐकत राहिला.

"दिवा तर ठेवला होता ना मी," तो म्हणाला. "बादलसाठी ठेवला होता. मले वाटलं, सगळं केलं आपण."

"केलंसच. कोणी एवढंही करत नाही घोड्यासाठी."

"पण बसलो नाही." तो खाली बघत म्हणाला. "मले बसवत नव्हतं ताई तिथं. त्या जागेकडे पाहवत नव्हतं. म्हणून बल्ब लावून निघून येत होतो."

प्रमोदिनीने धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. तो खिशातून फोन काढून बाहेर उन्हात गेला. कनातीपलीकडून त्याचं बोलणं ऐकू आलं. "हिरालाल भैया, सोमवार को मत आना. नहीं, नहीं, बीमार नहीं है. नींद नहीं हुई थी उसकी. हव, घोड़ी की. हंस लो, भैया." आणि मग थोडं थांबून, "एक खटिया हो तो भेज देना. मेरे लिए."

दुपार कलली तशी रेवा उठली. आधी पुढचे पाय, मग मागचे, मग सगळं अंग असं झाडलं की पेंढा कनातीवर उडाला. ती भरपूर पाणी प्यायली. जाळीतलं गवत ओढलं आणि अशी खायला लागली की जणू आताच भूक लागली. बक्षिसं वाटून झाली होती. ती दुसऱ्याच कोणाला तरी मिळाली होती, आणि गंधाली जाऊन त्यांचं हसून अभिनंदन करून आली. तिचे डोळे अजून लाल होते.

"टेम्पो यायला वेळ आहे," ती म्हणाली. "बैठो ना आई. कधीची उभी आहेस."

प्रमोदिनी पेंढ्याच्या गठ्ठ्यावर टेकली. पाय खरंच भरून आले होते. संध्याकाळी दूध आटवायचं होतं, केशर गोल बाजारातून आणायचं राहिलंच होतं, गंधालीला ओवाळायचं होतं, थोरलं अपत्य म्हणून. आजच्या रात्री लक्ष्मी येते आणि कोण जागं आहे विचारते, जागणाऱ्याला देते म्हणतात. झोपणाऱ्याला कोण काय देतं, कोणी सांगत नाही. असा विचार करता करता तिची पाठ कधी मागे टेकली ते तिला कळलं नाही.

रेवा गवत खाता खाता वळली. चार पावलं आली आणि तिच्यापुढे आडवी उभी राहिली, तोंड दाराकडे करून, कान ताठ. तिच्या सावलीत ऊन लागेना. तोंडात गवत चावल्याची खसखस तेवढी चालू होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. थांबायची, पुन्हा. समोरच्या खोलीत कोणी पेपरचं पान उलटावं, तशी.

कुठूनतरी फार लांबून दिवाकरचा आवाज आला, "ताई, चल, टेम्पो आला!" आणि त्यावर गंधालीचा, दबलेला, "मामा, हळू. आई झोपून राहिली."

"अरे पण टेम्पोवाला..."

"त्याला थांबव. रेवा आहे ना जागी."

प्रमोदिनीने ते सगळं ऐकलं, आणि डोळे उघडले नाहीत.